साडूभाऊंची कुलूपबंद होडी

तापी नदी सातपुड्यातून निघून समुद्रापर्यंत जाते ती केवळ आपल्या होडीखाली पाणी असावं म्हणून, असं मानणारा एकच माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात आहे, आणि तो माझा साडू आहे. इतवाऱ्यात त्यांचं कापडाचं दुकान. तरुणपणी सुरतेला माल आणायला गेलेला हा गृहस्थ तापीच्या मुखाजवळ, होड्या लावायच्या धक्क्यावर, हवा खायला म्हणून गेला आणि साड्यांच्या गठ्ठ्यांऐवजी शिडाची एक जुनी होडी विकत घेऊन बसला. होडी अर्थात तिथेच राहिली. घरी आली ती फक्त बातमी. ती ऐकून माझ्या थोरल्या मेहुणीने, म्हणजे ताईने, आठवडाभर अबोला धरला. तो अबोला आहे हे साडूभाऊंच्या लक्षात यायलाच आठवडा लागला.

तेव्हापासून माणूस इकडे आणि जीव तिकडे. घरात आलेली कुठलीही वस्तू होडीच्या उपयोगाची आहे का, हे आधी पाहिलं जातं. दिवाळीचा रंग होडीला गेला, म्हणून ताईच्या स्वयंपाकघराचं दार अजून अर्धंच हिरवं आहे. शीड इथल्याच मागावरच्या जाड कापडाचं, आणि ते शिवलं मांडववाल्याने. त्याने सवयीने खालच्या कडेला लाल झालर लावून दिली. मी म्हटलं, काढून टाका. तर हे मलाच म्हणाले, "राहू द्या ना साडूभाऊ, शोभते!" एवढं करून हे शीड वाऱ्यावर कधी चढलंच नाही. दर खेपेला एखादी फट बुजवायची राहायची, सुकाणू कुरकुरायचं, आणि साडूभाऊ म्हणायचे, "एवढं झालं का बस, निघूच." मग रात्रीच्या गाडीने परत दुकानात.

आणि संशय किती! दोरखंड कुणीही सोडून नेईल, म्हणून त्यांनी दोरखंडाच्या जोडीला होडी आखूड साखळीनेही धक्क्याच्या लोखंडी कडीला जखडली आणि वर दुकानाच्या शटरचं कुलूप घातलं. चावी एकच, ती यांच्या करदोट्याला. धक्क्याचा रखवालदार रमणभाई भला माणूस, पण चावी त्यालाही नाही.

गेल्या श्रावणात तापीला पूर आला. आमचं गाव पूर मोजतं ते राजघाटासमोरच्या नदीतल्या दगडी हत्तीवरून. हत्तीचे पाय बुडाले, पोट बुडालं, तसे घाटावरचे लोक आपापली घरं आठवू लागले. साडूभाऊ तेवढे खाली, नदी जाते त्या दिशेला बघत होते. त्यांनी रमणभाईला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"सेठ, इधर भी पानी चढ रहा है," रमणभाई ओरडत होता. "रस्सी को ढील दी, पर साखळी छोटी है. नाव का मुंह नीचे खिंच रहा है!"

"तोड दे कुलूप!"

"टूटता नहीं सेठ! बहुत मजबूत है!"

साडूभाऊंच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान उमटला. मग त्यांचा हात करदोट्याकडे गेला आणि चेहरा पार उतरला. मी धीर दिला, मध्ये धरण आहे, ते अडवेल. "धरण काय जनमभर अडवेल का? दरवाजे खोलले की खतम! आणि आपल्या इथलं पाणी तर अजून पोचलंच नाही तिथं!" असं म्हणून ते स्टेशनाकडे चालू लागले. पूर बघायला घाटावर आलेल्या ताईने मला मागून ढकललं. "तुम्ही बी जा भाऊ. एकटे गेले ना, तर हे पाण्यातच उतरतील."

त्या प्रवासाने माझ्या जिवाचं पाणी पाणी केलं. गाडी क्रॉसिंगला थांबली की हे दारात. चहावाल्याला चहा मागण्याआधी नदीची चौकशी. मधूनच खिडकीतून तापी दिसायची, लाल आणि फुगलेली. ती आमच्यासोबत चालली आहे आणि तिला कुठल्याही स्टेशनावर थांबायचं नाही, हे पाहून मीच सारखं घड्याळ बघू लागलो. साडूभाऊ शर्टावरून चावी चाचपत बसले होते.

पोचलो तेव्हा पाणी धक्क्यावर आलं होतं. होडीचं नाक जवळजवळ बुडालेलं, मागची बाजू वर, साखळी ताणून सरळ झालेली. अडवायच्या आत साडूभाऊ कमरेएवढ्या पाण्यात. मी मागून त्यांचा शर्ट घट्ट धरला. कडी पाण्याखाली, कुलूप गंजलेलं. चावी शिरते, फिरत नाही. "फिर ना गं बाई," ते कुलपाची विनवणी करत होते. एकदाचं ते उघडलं आणि होडी उसळून वर आली.

होडी काठाला ओढायला म्हणून सोडलेल्या दोरखंडाचं टोक आता आम्हा तिघांच्या हातात होतं आणि दुसऱ्या टोकाला सगळी नदी. पुढे असलेल्या रमणभाईचा पाय घसरला, तो छातीपर्यंत पाण्यात ओढला गेला, तरी दोर सोडीना.

"छोड! छोड दे रमण!" असं ओरडून साडूभाऊंनी आधी स्वतःचे हात उघडले.

होडी एकदा गोल फिरली, मधल्या धारेला लागली आणि डोलकाठी ताठ ठेवून समुद्राकडे निघून गेली. आमची नजर पुरेल तिथवर आम्ही बघत राहिलो. रमणभाई धापा टाकत म्हणाला, "मिल जाएगी सेठ. किधर तो लगेगी."

"मत ढूंढना. मिले तो भी मेरे को मत बताना," साडूभाऊ म्हणाले. "इतने साल बांध के रखी मैंने."

मला फार वाईट वाटलं. या माणसाची आयुष्यभर थट्टा केलेली, पण त्या दिवशी मी त्यांचा ओला शर्ट पिळून दिला. घरी ताईने गरम भाकरी वाढली आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

पंधरवड्याने साडूभाऊ माझ्याकडे आले, इकडचं तिकडचं बोलले आणि निघताना चपला घालता घालता म्हणाले, "रमणला एकदा फोन लावून बघा ना. मी विचारलं असं नका सांगू." मी लावला. आता दर महिन्याला लावतो. "अजून काही पत्ता नाही," मी त्यांना सांगतो.

"बरं झालं," ते म्हणतात, आणि वर विचारतात, "पुन्हा कधी लावाल?"