दाखवायची तार

कोलशेतला खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर परशुराम भोईरांचं गॅरेज आहे. त्यांच्या मिठागराच्या जमिनीवर टॉवर उठले, भाडी घरबसल्या येतात. शटर उघडायची गरज उरलेली नाही. पण हाताला काळं लागल्याशिवाय ह्यांना जेवण गोड लागत नाही, असं त्यांच्या पत्नी आवडाबाई सांगतात. पस्तीस वर्षं परशुराम येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत आले: माझ्या हातचा नट सुटत नाही.

मागच्या हिवाळ्यात तानाजी ड्रायव्हर आले. खोपट डेपोतून निवृत्त झालेले. सोबत वीस वर्षं जुनी, लांब पल्ल्याची दणकट बाइक. जन्मभर एसटी मापात चालवली, आता जुन्या गाड्यांच्या शर्यतीत एकदा पळायचं, एवढीच हौस. परशुरामांनी गाडीच्या अंगावरचा एकेक दागिना उतरवला. सामानाचे खोके, मागची सीट, साडीगार्ड, मधला स्टँड. हँडल खाली घेतलं, पाय ठेवायचे दांडे मागे सरकवले. गाडी अशी हलकी झाली, की तानाजी तिच्याभोवती फिरून फिरून बघत राहिले.

राहिला इंजिनाखालचा, ऑइल काढायचा बोल्ट. शर्यतीचा नियम असा, की बोल्टाच्या डोक्याला आरपार बारीक भोक पाडायचं, त्यातून तार ओवून ती फ्रेमला बांधायची, म्हणजे तो फिरून सुटत नाही. पोलाद कडक; ड्रिलची दोन बिटं मोडली. तिसरं लावताना परशुरामांचं डोकं फिरलं.

"वेसण बैलाला घालतात," ते म्हणाले, "माझ्या बोल्टाला नाय."

तानाजी हसले आणि चहा सांगायला गेले. तेवढ्यात परशुरामांनी भोकाशिवायच तार बोल्टाभोवती गुंडाळली, दुसरं टोक फ्रेमला बांधलं, वर सुरेख पीळ दिला. शर्यतीच्या दिवशी तपासणाऱ्याने विजेरी मारली, तार पाहिली, मान डोलावली.

चौथ्या फेरीत बोल्ट गळून पडला. तेल वळणावर सांडलं आणि मागून येणारी स्पर्धक, डोंबिवलीची संचिता, त्यावरून घसरत थेट गवतात गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं.

गाडी बाजूला घेतल्यावर तानाजींनी वाकून पाहिलं. तार फ्रेमला लोंबत होती, तिचा वेढा अखंड, पीळही शाबूत. त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी ती सोडवून खिशात घातली आणि धावत आलेल्या पंचांना सांगितलं, "तपासणी झाल्यावर बोल्ट मी उघडलेला. तार परत बांधली नाही. चूक माझी."

तानाजींवर दोन वर्षांची बंदी आली. परशुराम हातभर अंतरावर उभे होते. ते वाकून हत्यारं गोळा करू लागले.

परतीच्या वाटेवर माजिवड्याला उतरताना तानाजींनी ती तार परशुरामांच्या तळहातावर ठेवली. "शेठ, ही तुमची." त्यांनी शिवी हासडली असती तर परशुरामांना हलकं वाटलं असतं.

मग शटर आठ दिवस बंद राहिलं. आवडाबाईंनी विचारून पाहिलं, तर नवरा ताटावरून उठून गेला. नवव्या दिवशी परशुराम डोंबिवलीला गेले. संचिताचा हात गळ्यात बांधलेला. तिने आईला चहा टाकायला सांगितला आणि वर त्यांचीच समजूत काढली. "तानाजीकाकांना सांगा काका, माझा राग नाहीये. होतं असं कधीकधी."

परशुरामांनी तार टीपॉयवर ठेवली.

"त्यांनी बोल्टाला हात पन नाय लावला, पोरी. भोक मी पाडलं नाय. ही नुसती दाखवायची तार."

संचिताने तार उचलून तिचा पीळ बोटाने चाचपला. चहा आला, तो कुणीच उचलला नाही.

"मला सांगून काय होणार?" ती शेवटी म्हणाली. "पंचांना सांगा." डाव्या हाताने नंबर लावून तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

पलीकडून नाव विचारलं. जे नाव पस्तीस वर्षं छाती काढून सांगितलं, ते परशुरामांनी आज फरशीकडे बघत सांगितलं. पलीकडच्याला ऐकू गेलं नाही. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि संचिताच्या देखत पुन्हा सांगितलं, मोठ्याने.