काचेपलीकडचे सुखदेवकाका

बालाघाटकडच्या उकव्याहून मी नर्सिंग शिकायला नागपूरला निघाले, त्या सकाळी बसमध्ये माझ्यासाठी जागा धरली ती सुखदेवकाकांनी. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि तिथे बसू पाहणाऱ्या माणसाला म्हणाले, "भैया, बेटी पढ़ने जा रही है." आई खिडकीतून हात घालून माझी ओढणी नीट करत राहिली. बाबांनी एवढंच सांगितलं, "आजारी मानसाले वरून खाली पाहू नोको."

सुखदेवकाका आमचे शेजारी. बाबांसोबत मँगनीजच्या खाणीत कामाला. ते बौद्ध, आम्ही ख्रिस्ती. मी आठ वर्षांची असताना आईला बाळंतपणात रक्त जाऊ लागलं. नाल्याला पूर, गाड्या बंद. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक आले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि पाणी पाहून घरी गेले. काकांनी आणि बाबांनी बाज खांद्यावर घेतली आणि छातीभर पाण्यातून आईला दवाखान्यात नेलं. आई वाचली, बाळ गेलं. पुढच्या रविवारी प्रार्थनाघरात बाबा बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला वाचत होते, वाटेत जखमी पडलेल्याला उचलून नेणाऱ्या परक्या माणसाचा. मध्येच थांबले. "हा मानूस माह्या शेजारी राह्यते," म्हणाले आणि खाली बसले.

लाजराचा दाखलाही ते पुन्हा पुन्हा सांगत. श्रीमंत रोज पंगती घालतो आणि त्याच्या दाराशी अंगभर फोड आलेला लाजर उष्ट्याची वाट बघत पडून असतो. मेल्यावर श्रीमंत नरकात जातो. बाबा म्हणायचे, "त्या शेठनं लाजरले मारलं नाही, हाकललं बी नाही. फकस्त पाह्यलं नाही." तेवढ्यासाठी नरक? लहानपणी मला ती शिक्षा फार वाटायची.

नागपुरात माझं बस्तान बसलं. आधी सिस्टर, मग वॉर्डची इन्चार्ज. स्वतःचा फ्लॅट, स्कूटी. 'मले' म्हटलं की बरोबरीच्या मुली हसायच्या, म्हणून 'मला' म्हणू लागले. हॉस्पिटल खासगी होतं. गावाकडचे पेशंट सवलतीत दाखवायला घेऊन येणाऱ्या नर्सकडे तिथे मॅनेजर वेगळ्याच नजरेनं बघत. एकदा मी त्यावरून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती.

त्यानंतर आठवडाभरानं, दुपारी, गार्ड वर आला. "सिस्टर, नीचे कोई बुज़ुर्ग हैं, बालाघाट तरफ के. आपका नाम ले रहे हैं. खाँसी बहुत है."

जिन्याच्या वळणावर मोठी काच आहे. तिथून पाहिलं. काका होते. एक्स-रेचं पाकीट पोटाशी धरून बाकावर बसलेले. खाणीच्या धुळीनं त्यांची छाती गेली, हे बाबांनी फोनवर सांगितलंच होतं. खांदे इतके उतरले असतील असं मात्र वाटलं नव्हतं.

मी म्हणाले, "बोल दो, छुट्टी पर है."

गार्डनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि तो खाली गेला. काका तरी तासभर बसून राहिले. मी तीनदा काचेशी जाऊन आले. चौथ्यांदा गेले तेव्हा बाक रिकामा होता.

दीड महिन्यात ते वारले. मी मातीला गेले नाही. बाबांनी फोनवर विचारलं, "सुखदेव नागपुरले आलता. तुले भेटला काय?"

"नाही बाबा. सुट्टीवर होते मी."

बाबा "हौ" म्हणाले.

नाताळाला घरी गेले. रविवारी बाबांनी शास्त्रवाचनासाठी माझं नाव घेतलं. मला उठवेना. उठले ती बाहेर पडून थेट काकूंच्या अंगणात. त्या सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काकू, काका आले तेव्हा मी तिथंच होते."

त्यांनी मान वर केली नाही. "मालूम हाये मले. त्यायनं तुले पाह्यलं होतं ना, जिन्यावर. काचेतून."

"मग... काय म्हणाले?"

"म्हने, पोरीची नोकरी जाईन, तिले तरास नोको देऊ. कोनाले सांगू नोको म्हने. तिच्या बापाले तं बिलकुल नाही."

मी त्यांचे पाय धरले. माफ करा म्हणाले. त्यांनी पाय आखडून घेतले. "माफी त्यायच्यापाशी मांगाची होती, पोरी. मी कोन देनारी?"

त्याच दुपारी मी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. चपला घालून काकूंकडे गेले आणि टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले. काकूंनी दोनदा आत बोलावलं. बाबांचं पाऊल उचललं नाही. त्या दिवसापासून त्यांनी प्रार्थनाघरात वाचन केलेलं नाही. मंडळी मला कारण विचारते. म्हणून हे लिहिलं. बाबांची चूक नाही, माझी आहे.

मी अजून त्याच हॉस्पिटलात आहे. वर्षातून दोनदा उकव्याला जाते आणि आधी काकूंकडे जाऊन बसते. त्या चहा देतात, फारसं बोलत नाहीत. घर म्हणजे जिथं लोक आपल्याला पुरतं ओळखतात, असं मी नव्या नर्सना सांगायची. उकव्यात आता दोन घरं मला पुरतं ओळखतात. तरी जाते.