उगीच उभा राहणारा मास्तर

चेन्नईला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. माझी धाकटी बहीण मंजू लग्न होऊन वेस्ट मांबलमला गेली, तंजावरी मराठी घरात. या मंडळींचे पूर्वज काही शतकांपूर्वी दक्षिणेत गेले आणि सोबत नेलेली मराठी लोणच्यासारखी मुरवत बसले. मेहुणे माधवराव तिथल्या एका एसी बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिसचे मुख्य इंजिनिअर. सरकारी शाळांतले व्यवसाय अभ्यासक्रम उद्योगातल्या तज्ज्ञांनी शिकवावेत अशी टूम निघाली होती आणि कंपनीने यांना धाडलं होतं.

“शिकवता म्हणजे नक्की काय करता हो?” मी फोनवर विचारलं.

“शनिवारीं शाळेंत जातों की, अक्का. पोरी काम करतात. मी उगीच उभा असतों.”

मी उपरोधिक सदर लिहून पोट भरते. सरकारी योजना, त्यात तज्ज्ञ, आणि तो तज्ज्ञ उगीच उभा! असा माल घरपोच मिळत नाही. मी लगेच तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून चेन्नईची गाडी पकडली की दुसऱ्या दिवशी पोचता. स्लीपर पुरतो, पण उन्हाळ्यात रायचूरच्या पुढे खिडकीतून वारा नव्हे, भट्टीचा श्वास येतो. पाणी भरपूर घ्या. सेंट्रलला उतरल्यावर ऑटोवाल्यांच्या नादी लागू नका. तिथल्या ऑटोत मीटर देवाच्या फोटोसारखा असतो, बघायचा, हात लावायचा नाही. सरळ रस्ता ओलांडून पार्क स्टेशन गाठा. तिथून लोकल थेट मांबलमला सोडते, तेही चहापेक्षा कमी पैशांत. उतरल्यावर पूर्वेला गर्दी साड्या घेत असते, पश्चिमेला माणसं राहतात. आपण पश्चिमेला जायचं.

मंजूच्या सासूबाईंनी पानात डांगर पचडी वाढली. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर हिंगाची फोडणी. हे तुम्हाला कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही, त्यासाठी बहीणच द्यावी लागते.

शनिवारी सकाळी माधवरावांबरोबर नुंगंबाक्कमकडच्या एका महापालिकेच्या मुलींच्या शाळेत निघाले. बसमध्ये त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं, “आज अधिकारी येणार. माझ्याकडे बी.एड. नाहीं. त्यांनीं नको म्हटलें, तर वर्ग बंद.”

“मग मुली?”

“सेल्वी म्हणून एक पोरगी आहे, तिला कंपनींत अप्रेंटिस घ्यायचें मी ठरवून ठेवलें आहे. पण कोर्स पुरा नाहीं, तर गेटच्या आंत घेत नाहींत.”

मी मनातल्या मनात लेखाचा मथळा जुळवत होते. तो तिथेच जरा अडखळला.

वर्ग म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. टेबलावर एक जुना खिडकी-एसी, पोट उघडलेला. भोवती निळ्या पावाडैतल्या, म्हणजे लांब परकरातल्या मुली, वेण्यांत मोगरा आणि हातात पकडी. मुली जमायच्या आधीच माधवरावांनी त्या यंत्रात एक बिघाड करून ठेवला होता. तो कोणता, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मग ते हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभे राहिले. उगीच!

हेडमिस्ट्रेस बाई अधिकाऱ्यांना घेऊन आल्या. साहेब घामाने डबडबलेले. सेल्वीने बटण दाबलं. यंत्र घुमलं, थोडा वेळ गुणगुणलं आणि टक् करून गप्प झालं. एक मुलगी म्हणाली, गॅस गेला असणार. दुसरी त्यावर वाद घालू लागली. सेल्वीने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

“तुम्ही टीचर ना?” साहेबांनी माधवरावांना इंग्रजीत विचारलं. “मग टीच करा!”

माधवराव नुसते हसले. साहेबांनी खिशातून पेन काढलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मला राहवेना. मी पुटपुटले, “माधवराव, अहो, बोला ना काहीतरी!”

“अक्का, उगीच ऱ्हा की.”

मला रागच आला. मी उगीच राहू? एवढा प्रवास करून आले ती काय उगीच राहायला!

साहेबांनी घसा साफ केला. “यू गर्ल, तुला कोणी शिकवलं की…”

सेल्वीने मान वर केली नाही. यंत्राला कान लावून तिने एक बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाली, “उगीच, सार्!”

खोली चिडीचूप झाली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण रडत्या तान्ह्याला ‘उगी, उगी’ म्हणतो, तेच हे. यांच्या मराठीत उगीच म्हणजे गप्प! आणि मराठीचा गंध नसलेली ती तमिळ पोर माधवरावांकडून उचललेल्या शब्दाने सरकारी साहेबाला माझ्या पूर्वजांच्या भाषेत गप्प बसवत होती.

“कपॅसिटर,” ती म्हणाली. मोटरला सुरुवातीचा रेटा देणारा डबा. तिने प्लग काढला आणि आत हात घातला. त्याबरोबर माधवरावांचे बांधलेले हात सुटले, ते एक पाऊल पुढे आले. प्लग काढला तरी त्या डब्यात वीज दबा धरून असते, हे मला नंतर कळलं. सेल्वीचा हात मात्र आपणहून थबकला. तिने तो मागे घेतला, रबरी मुठीचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि डब्याच्या टोकांवर टेकवला. चट्! निळी ठिणगी उडाली. साहेब बाईंच्या मागे. माधवराव पुन्हा भिंतीशी.

नवा डबा बसला, बटण दाबलं, यंत्र घुमलं आणि या वेळी घुमतच राहिलं. थंड हवेचा झोत थेट साहेबांच्या कपाळावर आला. त्यांनी डोळे मिटले.

“उगीच म्हणजे काय?” डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

“टेक्निकल टर्म, सार्,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी तो शब्द स्पेलिंग विचारून टिपून घेतला. “नेक्स्ट इयर आल्सो, कंटिन्यू,” असं म्हणून खुर्ची झोताच्या आणखी जवळ ओढली. मुली इतक्या ओरडल्या की पत्रा थरथरला. सेल्वी ओरडली नाही, ती स्क्रू मोजून डबीत भरत होती.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, “थोडं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? वर्ग जात होता की!”

“यंत्र बोलतें की, अक्का. मी पण बोललों, तर पोरींनी कोणाचें ऐकावें?”

मनात जुळवलेला मथळा मी बसमध्येच खोडून टाकला.

आता पुण्यात आहे. येताना आणलेली फिल्टर कॉफी संपत आली. फ्रीज घुमायला लागला की हातातलं काम थांबवून ऐकते. काही कळत नाही, पण ऐकते. काल संपादकांचा फोन आला, “बाई, चेन्नईची खिल्ली उडवणार होतात ना? आणि एवढ्या गप्प का?”

“उगीच,” मी म्हटलं.

ते पक्के पुण्याचे. त्यांनी पुणेरी अर्थ घेतला.