टेप लावल्याशिवाय न लिहिणाऱ्या शालिनीताई

डॉ. शालिनीताई खरात यांची आणि माझी ओळख माझ्या फजितीने झाली, हे या गौरवग्रंथात मीच नोंदवून ठेवतो. नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या त्यांच्या दवाखान्यात मी पाठदुखी घेऊन गेलो होतो. कंबर किती, असे त्यांनी विचारले. छत्तीस, मी ठणकावून सांगितले. व्यासपीठावर आयुष्य गेलेला माणूस स्वतःचे मापसुद्धा घोषणेसारखे देतो. ताईंनी टेप काढली, सदरा वर करायला लावला आणि बेंबीवरून फिरवली. त्रेचाळीस इंच.

"छत्तीस शिंप्याचं माप आहे, सर. प्यांट पोटाखाली बांधली म्हणून पोट कमी होत न्हाई."

मी हसलो, पण ताईंच्या मनात भलतीच शंका आली. दोन वर्षांपासून त्या आपल्या प्रौढ रुग्णांच्या पोटाचा घेर आणि रक्तातले ड जीवनसत्त्व यांची नोंद एका वहीत ठेवत होत्या. त्यांनी नर्स मंगलताईंना बोलावले आणि पुरुषांची मापे टेप लावून घेता की विचारून, असे विचारले. मंगलताई ओशाळल्या. "गड्यामाणसाच्या पोटाला टेप कशी लावावी, म्याडम? इचारून लिहून राह्यले."

म्हणजे वहीतल्या एकूण एक पुरुषाने शिंप्याचे माप दिले होते. ताईंनी मंगलताईंना दोष दिला नाही. पहिल्या दिवशी आपणच शेजारी उभे राहून दाखवायला हवे होते, एवढेच म्हणाल्या आणि माझ्यादेखत पुरुषांच्या साऱ्या नोंदींवर आडव्या रेघा मारल्या. दोन वर्षांची मेहनत! दुसऱ्या दिवसापासून टेप त्यांच्या स्वतःच्या हातात आली.

नव्या वहीत हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. ज्यांचे पोट सुटलेले, त्यांच्यात ड जीवनसत्त्व बहुधा कमी. तेही ऊन ओतणाऱ्या जालन्यात. बियाणे कंपन्यांच्या कचेऱ्यांत दिवसभर बसणारे त्यात होते, तसे अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून येणारे कारकूनही होते. ताई सांगत, चरबी हे जीवनसत्त्व स्वतःत धरून ठेवते, म्हणून रक्तात कमी दिसत असेल. सुटल्या पोटाचा माणूस उन्हात कमी फिरतो, म्हणूनही असेल. कशामुळे काय होते, हे त्या ठामपणे सांगत नसत.

मी मात्र सांगितले. राजूरच्या एका व्याख्यानात मी गरजलो की पोट सुटते ते ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे. ती भरून काढा, पोट उतरेल. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निवृत्त शिक्षक भगवान गुरुजी होते. त्यांनी औषधाच्या दुकानातून पुड्या आणल्या आणि आठवड्याला एक घ्यायची पुडी रोज दुधातून घेतली. तीन महिन्यांनी उलट्या, न भागणारी तहान आणि बरळणे अशा अवस्थेत सुनेने त्यांना ताईंकडे आणले. ताईंनी सुनेच्या पिशवीतली पुड्यांची चळत पाहिली आणि ओळखले. रक्तातले कॅल्शियम भलतेच चढले होते, मूत्रपिंडे धोक्यात होती. गुरुजी वाचतात की नाही, अशी ती अवस्था होती. ते चार दिवस ताई खाटेजवळून फारशा हलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी गुरुजी नीट बोलू लागले, तेव्हा मी ताईंपुढे हात जोडले.

"माझी माफी मागून काय उपयोग? ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यापुढं जा, सर. जल्दी जा. आणखी कोण पुड्या खाऊन राह्यलंय, कोणाला माहीत?"

मी गेलो. ताईही दवाखाना बंद ठेवून सोबत आल्या आणि श्रोत्यांत बसल्या. सुटलेले पोट आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता या दोन गोष्टी सोबत दिसतात, एवढेच ठाऊक आहे. एकीमुळे दुसरी होते हे मी मनाने जोडले आणि ते चुकले, असे मी त्याच व्यासपीठावरून सांगितले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही पुडी घेऊ नका, असेही सांगितले. इतके छोटे आणि इतके अवघड भाषण मी कधी केलेले नाही. सुनेचा हात धरून आलेले गुरुजीच पुढच्या रांगेतून बोलले, "पोट हाय तेवढंच हाय, सर. तुमचं भाषण तेवढं उतरलं." सभा खदखदून हसली. मग दोघेजण उठले, घरी गेले आणि उरलेल्या पुड्या आणून ताईंसमोर ठेवल्या. एक जण रोजच घेत होता.

अर्धवट खरे मोठ्या आवाजात सांगणाऱ्यांचा हा काळ आहे. मी त्यांच्यातलाच एक होतो, हे न लाजता कबूल करतो. अशा काळात 'मला अजून माहीत नाही' हे वाक्य ताईंनी ताठ मानेने उच्चारले आणि त्यासाठी स्वतःच्या नोंदी रद्द केल्या. याहून मोठे धैर्य मी कोणत्याही सभेत पाहिलेले नाही.

ताईंनी साठी पूर्ण केली आहे आणि पोट आणि ड जीवनसत्त्व यांत कशामुळे काय होते, हा त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याचे उत्तर हाती येईपर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे त्यांना धडधाकट आयुष्य लाभो. ते उत्तर आमच्या आवडीचे नसले, तरी ताईंनी ते आम्हाला तोंडावर सांगावे.