कादर मिस्त्रीच्या बल्ल्या

धरणगावचा कादर मिस्त्री दगडकामात कडक. ओळंबा लावल्यावर दगड सूतभर बाहेर दिसला, की थर उतरवायला लावायचा. हाताखाली आम्ही दहा-अकरा माणसं.

बाकीचे ठेकेदार गिऱ्हाइकाला एकच आकडा सांगत. हत्यारांची झीज, दोर, पाण्याच्या खेपा, नफा, सगळं त्याच्या पोटात. कादर दर फोडून सांगायचा. दगड इतका, चुना इतका, मजुरी इतकी, परांचीला बल्ल्या आणि दोर इतके, आणि माझा रुपयामागे दीड आणा. त्याचा बापही असंच सांगायचा.

आणे जाऊन नवे पैसे यायच्या आधीच्या उन्हाळ्यात पितांबरशेठच्या कापसाच्या जिनात गाठींचं गुदाम बांधायचं निघालं. गावात दुसरं काम नव्हतं. आमच्यातली काही माणसं रावेरकडे केळीच्या बागांत जायचं बोलू लागली होती. टोळी फुटली तर कादरचा ठेकाच संपला असता.

शेठ जिनाच्या आवारात खाटेवर बसले होते.

"मजुरी कमी कर."

"ती नाही होणार शेठ. पोट त्यांचं आहे."

"मग तुझा दीड आणा?"

"एक घेतो."

"आणि या बल्ल्या? काम झालं की तू त्या घरी नेणार. माझ्या पैशानं तुझं घर शाकारू का?"

शेजारी बसलेला शेठचा मुनीम हसला. बल्ल्या घरी जात, हे खरंच होतं.

"जुन्यांवर भागवतो," कादर म्हणाला.

शेठनं पानाचा डबा पुढं केला. ठरलं.

फाटकाबाहेर उखर्डू कादरवर उखडला. तो टोळीतला सर्वांत जुना गवंडी. "मिस्तरी, शेठले बठ्ठा हिसाब सांगानी काय गरज व्हती?"

"मग खोटं सांगू?"

"खोटं कोन सांगस? मुका ऱ्हा."

जुन्या बल्ल्या कादरच्या घरामागं दोन पावसाळे पडून होत्या. त्यानं एकेक ठोकून पाहिली. बुडाशी वाळवी लागलेल्या बाजूला काढल्या. दोराला गाठी मारून लांबी पुरी केली. रोज सकाळी परांचीवर आधी तो स्वतः चढे, पाय आपटून पाही, मग आम्हाला वर घेई.

भिंत दोन पुरुष वर गेली. त्या दिवशीही परांचीनं त्याचं वजन पेललं. मग आम्ही कोपऱ्याचा दगड वर दिला. माणूस आणि दगड मिळून पेलले नाहीत. बल्ली मधून मोडली. कादर खाली आला, दगड त्याच्या कमरेवर आला.

शेठनं आपल्या गाडीतून त्याला जळगावच्या दवाखान्यात पाठवलं. दुसऱ्या दिवशी नव्या बल्ल्या आणि नवा दोर आला. राहिलेली भिंत उखर्डूनं चढवली. मजुरी सर्वांना पुरी मिळाली. बल्ल्यांचे आणि दोराचे पैसे मुनिमानं कादरच्या रुपयामागच्या एका आण्यातून वळते केले. मागं फार काही उरलं नाही.

कादरची बायको हसीनाबी हिशोब घ्यायला जिनात गेली.

"बल्ल्या तुमच्या पैशाच्या आहेत," मुनीम म्हणाला. "घेऊन जा."

तिनं त्या गाडीत घातल्या आणि तशाच धुळ्याच्या एका ठेकेदाराला विकल्या. त्यावर महिनाभर औषध चाललं.

पुढं मी भेटायला गेलो, तेव्हा कादर खाटेवर होता. पाय हलत नव्हते. हसीनाबी खाली बसून ज्वारी निवडत होती.

"बल्लियाँ क्यूँ बेचीं?" तो तिला म्हणाला. "अगले काम को लगतीं."

ती निवडत राहिली.