नाव, गाव, मजकूर

दुपारची भांडी आवरून शालन सोप्यातल्या चटईवर आडवी होते, हातातला वायरलेसचा सेट पोटावर ठेवते आणि मनाशी ठरवते की झोपायचं नाही. चार वाजता कराडहून जामदाडे सर सेटवरून टाकेवाडीला, म्हणजे तिलाच, हाक मारणार आहेत. तीनदा मारणार, चौथ्यांदा नाही. मे महिन्यातला शेवटचा शनिवार, पोटात भाकरी-आमटी, लाईट गेल्यानं पंखा बंद. झोपायचं नाही म्हणणाऱ्याला झोप जशी गाठते तशी ती झोपायला निघालेल्याला कधी गाठत नाही.

हा सेट तिला मामांनी घेऊन दिलेला. मामा म्हणजे तिचे सासरे, दामोदर शेडगे. आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते. जन्मभर तार ऑफिसात कट्ट-कडकट्ट करून माणूस रिटायर झाला, आणि घरी बसून माश्या मारायच्या सोडून हौशी वायरलेसच्या नादाला लागला. मुलगा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येणार. मग शिकवायला घरात उरलं कोण, तर सून. तिनं परीक्षा दिली, पास झाली, लायसन आलं. मामांनी ते काचेत घालून देवांच्या शेजारी लावलं.

सेट घ्यायला दोघं पुण्याला गेली होती. दुकानदार आठ वॉटचा, दहा वॉटचा, रंगीत पडद्याचा असे एकेक काढून मांडत होता. मामा त्यातला एकही हातात घेईनात. त्यांनी शालनचा हात पुढं ओढला आणि चप्पल मापाला बघावी तसं प्रत्येक सेटचं बोलायचं बटण तिच्या अंगठ्याखाली धरून बघितलं. शेवटी तीन खवल्यांचं रुंद बटण असलेला साधा पाच वॉटचा सेट पसंत पडला. वॉट बघायचेच नसतात, असं ते दुकानदारालाच समजावून आले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठनं येणार? अँटेना धड पाहिजे, उंच पाहिजे, मधली केबल चांगली पाहिजे. अँटेना त्यांनी विकत घेतलीच नाही. आपली जुनी छत्री मोडून तिच्या पाच काड्या काढल्या, एक उभी आणि चार खाली झुकत्या अशा जोडल्या, आणि बांबूला बांधून आढ्यावर चढवल्या. त्या पावसाळ्यात मामा स्वतः भिजत हिंडले, पण टाकेवाडीचा आवाज डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर पोचायला लागला.

वरच्या सड्यावर, पवनचक्क्यांच्या रांगेशेजारी, हौशी वायरलेसवाल्यांच्या क्लबचा रिपीटर आहे. म्हणजे कान आणि तोंड दोन्ही असलेली पेटी. खोऱ्यातल्या बारक्या सेटचं बोलणं ती ऐकते आणि त्याच घटकेला उंचावरून मोठ्यानं परत सांगते, म्हणून डोंगराआडची माणसं एकमेकांना ऐकू येतात. नुसतं बटण दाबून सोडलं तरी पेटी क्षणभर खरखरते आणि टिक करून गप्प बसते. तेवढ्यावरून कळतं, की आपण तिथवर पोचलो.

दोन पावसाळ्यांमागं वाडीमागची दरड हलली तेव्हा मोबाईल मेले होते. मामांनी सेटवरून हाक मारली, खालून माणसं आली आणि चाळीस घरं वेळेत शाळेत हलली. तेव्हापासून पावसाळाभर रोज टाकेवाडीनं पाऊस किती, रस्ता चालू का बंद, ते कळवायचं असा क्लबचा नेम. फेब्रुवारीत मामा गेले. वायरलेसवाले आपल्यातल्या माणसाला मेला म्हणत नाहीत, त्याची की, म्हणजे तार मारायची कळ, गप्प झाली म्हणतात. इथं तर दोन गप्प झाल्या, एक मामांची, एक शालनची.

त्या सकाळी मामा अंगणात पडले, फोनला रेंज नव्हती, शालननं सेट उचलला, बटण दाबलं आणि बोलत सुटली. मामा उठा, मामा उठा. ना आपला कॉलसाइन, म्हणजे लायसनवरचं अक्षर-आकड्यांचं नाव, सांगितला, ना गाव. आता या सेटची रीत अशी, की बटण दाबलेलं असलं की तो फक्त बोलतो, ऐकत नाही. पलीकडं सगळे कोण, कुठनं, काय झालं विचारायला जीव टाकत होते, पण ही बटण सोडेल तर ना. टाकेवाडीच असणार हा अंदाज बांधून गाडी यायला चाळीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, दोन मिनिटांत सगळं आटपलं असणार. त्या ‘असणार’वर शालन तीन महिने अडून बसली आहे.

तेव्हापासून सेटवर बोलायचं म्हटलं की तिची बोबडी वळते. पण सोडवतही नाही. मामांची क्लबशी बोलायची वेळ चारची. रोज चारला ती सेट घेते, बटण दाबते, काही न बोलता सोडते, वरून खर्र-टिक ऐकते आणि सेट ठेवून चहा टाकते. नाव न सांगता रिपीटर वाजवणं या लोकांत अगदी हलकं काम समजलं जातं. क्लबात चर्चा झाली, कोणी म्हणालं, चारलाच येतंय म्हणजे दामूअण्णाच वाजवत असतील. शालननं ते सेटवर ऐकलं आणि मुकाट्यानं कांदा चिरत बसली.

गेल्या आठवड्यात जामदाडे सर स्वतः येऊन गेले. हा माणूस शाळेतून रिटायर झालेला, क्लबचा रोजचा हजेरीपट तोच बघतो. चहा घेऊन त्यांनी शांतपणे सांगितलं, की शनिवारी मी हाक मारतो. उत्तर आलं नाही तर टाकेवाडीची जागा पलीकडच्या धामणीला द्यावी लागेल. पावसाळा तोंडावर आलाय, आम्हाला बोलणारं माणूस पाहिजे. शालन म्हणाली, बघते. पण धामणी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. तिथल्या माणसाला टाकेवाडीची दरड कशी दिसायची?

डोळे जड होतात. अंगठा सवयीनं बटणावर जातो, दाबतो, सोडतो.

खर्र. टिक.

“कोण गं ते, दार वाजवून पळणारं?”

आवाज आढ्यावरून येतो. शालन वर बघते, तर कौलं नाहीत आणि मामा आढ्याच्या वाशावर पाय सोडून बसलेत. अंगात तार ऑफिसचा खाकी सदरा. हातात छत्री, पण तिला काडी एकही नाही, नुसतं कापड लोंबतंय. शालनला नवल वाटत नाही. स्वप्नात मेलेलं माणूस दिसलं की भीती वाटत नाही, आधी चहाला आधण ठेवावंसं वाटतं.

“खाली या मामा, पडाल.”

“आता कशाचं पडतोय? तूच ये वर.”

शिडी आहेच. ती चढते, चढते आणि शेवटच्या पायरीवरून उतरते ती तार ऑफिसात. लाकडी काउंटर, डिंकाची बाटली, भिंतीवर घड्याळ. खिडकीबाहेर पवनचक्की इतकी जवळ, की पातं गेलं की खोलीत अंधार होतो आणि परत उजेड येतो. मामा काउंटरच्या आत आहेत, शालन बाहेर, रांगेत. रांगेत दुसरं कोणी नाही.

मामा तारेच्या फॉर्मचा गठ्ठा तिच्यापुढं ठेवतात. ती एकेक उलटून बघते. सगळे कोरे. मामा सांगतात, की हे तुझेच, रोज चारला एक येतो. नाव नाही, गाव नाही, मजकूर नाही. असली तार आम्ही कुठं पोचवायची? रागावून नाही, पूर्वी ते घरी भाजी अळणी झाली की म्हणायचे तसं म्हणतात.

“कळतं ना पण, मी पोचले ते,” शालन म्हणते.

“तुला कळतं. दुसऱ्या कुणाला कळतं?”

ती परत गठ्ठा उलटत जाते. गठ्ठ्यातला सगळ्यात तळचा फॉर्म तेवढा कोरा नाही. तो शाईनं इतका भरलाय की कागद जड झालाय. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मामा उठा मामा उठा मामा उठा, मध्ये कुठं जागा नाही. ती तो ओढून घ्यायला हात घालते, तर हातात फॉर्म नाही, सेट आहे आणि पायाखाली सडा आहे. वाळलेलं गवत, वारा, रिपीटरची पेटी आणि पेटीवर बसलेले मामा. तोच फॉर्म ते चष्मा नाकावर घेऊन वाचतायत.

ती बोलायला लागते. तीन महिन्यांत नवऱ्यापाशीसुद्धा न काढलेलं सगळं काढते. की तुम्ही मला शंभरदा शिकवलं होतं आणि मी ऐन वेळेला विसरले. गाव सांगायला किती वेळ लागतो? चाळीस मिनिटं माझ्यामुळं गेली. मी तुम्ही काचेत लावलेल्या लायसनकडं बघून रोज दिवा लावते आणि रोज मान खाली घालते.

मामा ऐकून घेतात. मग फॉर्मची घडी घालतात.

“शालन, ही तार सुटली तेव्हा मी ऑफिसात नव्हतोच. तू बटण दाबायच्या आधीच माझी ड्यूटी संपली होती.”

“खरं सांगताय?”

“तारवाला खोटं सांगत नाही. आलं ते लिहायचं, लिहिलं ते पोचवायचं.”

शालनला रडू येतं आणि तिला बरं वाटतं. वारा मोठा होतो. तिच्या ध्यानात येतं, की आपला अंगठा बटणावर आहे आणि दाबलेला आहे, केव्हापासून कोण जाणे.

“सोड की,” मामा म्हणतात. “दाबून धरलंस तर पलीकडचा बोलणार कसा?”

“सोडलं तर तुम्ही जाल, मामा.”

“मी गेलोय गं पोरी. मला धरून तू बाकीच्यांना का अडवतेस?”

ती मान हलवते. तिला पटतं, पण अंगठा ऐकत नाही. मामा पेटीवरून उतरतात, खिशातून कोरा फॉर्म आणि शिसपेन्सिल काढतात आणि नव्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसं तिच्याकडं बघतात.

“हं, सांगा. नाव?”

शालन एक श्वास घेते. हीसुद्धा त्यांचीच शिकवण, की बटण दाबल्यावर श्वासभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. मग ती आपला कॉलसाइन सांगते, एकेक अक्षर सुटं करून.

“गाव?”

“टाकेवाडी.”

“मजकूर?”

ती सड्यावरून खाली बघते. चाळीस घरं, शाळेचा पत्रा, मागची दरड, आपल्या आढ्यावरच्या छत्रीच्या पाच काड्या, सगळं इथनं स्वच्छ दिसतंय.

“येथील सर्व खुशाल,” ती म्हणते. “टाकेवाडी ऐकतेय.”

मामा ते लिहून घेतात, शब्द मोजतात आणि मान डोलावतात. मग पुढं येऊन दोन बोटांनी तिचा अंगठा बटणावरून हळूच उचलतात. त्यांची बोटं थंड नसतात. नेहमीसारखी खरखरीत असतात.

टिक.

डोळे उघडतात ते पंख्याच्या आवाजानं. लाईट आलीय. उंबऱ्यातून कोंबडी आत येऊन तांदळाच्या सुपाकडं बघतेय. शालनच्या तोंडाला कोरड पडलीय, गाल ओले आहेत आणि सेट गरम आहे, बराच वेळ बोलत राहिलेला सेट होतो तसा. ती अंगठा डोळ्यांपुढं धरते. बटणाच्या तीन खवल्यांच्या तीन रेघा त्यावर खोल उमटल्यात, रगत साकळून तांबड्या झाल्यात. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दोन मिनिटं.

पोटावरचा सेट खरखरतो.

“टाकेवाडी, टाकेवाडी. मी कराडहून जामदाडे.” आवाज नेहमीचा करडा नाही, सर घसा साफ करून बोलतायत. “तुमचा कॉलसाइन मिळाला. गाव मिळालं. येथील सर्व खुशाल, टाकेवाडी ऐकतेय, हा मजकूर मिळाला. हजेरीत घेतलाय.”

शालन उठून बसते. आपण झोपेत काय काय बोललो आणि त्यातलं किती डोंगरापलीकडं गेलं, हे आठवून तिचे कान तापतात. सगळं खोरं ऐकत असणार.

“आणि ताई, त्याच्या आधीचं जे आलं, ते इथं कोणी लिहून घेतलेलं नाही. फक्त एक विचारतो. उद्यापासून चारला तुम्हाला हाक मारू ना?”

शालन चटईवर नीट मांडी घालते. देवांशेजारच्या काचेतल्या लायसनकडं एकदा बघते, मान खाली न घालता. रेघा उमटलेला अंगठा बटणावर ठेवून दाबते. एक श्वास घेते. नाव सांगते, गाव सांगते आणि म्हणते, की मारा, मी आहे.

मग अंगठा उचलते आणि ऐकायला लागते.