आई-बाबांचे पंधरा तास

किस्से जमवायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. दर रविवारी मी घरातल्या दोन ऑक्सिजन मशीनचे फिल्टर धुते. त्यांच्यावर आठवड्याची धूळ साचते, तसे आमच्याकडे किस्से साचतात. धूळ निदान धुता तरी येते!

दोन मशीन म्हणजे एक सासऱ्यांचं, एक सासूबाईंचं. बाबांनी चाळीस वर्षं बिड्या ओढल्या. आईंनी त्याहून जास्त वर्षं चुलीचा आणि सिगडीचा धूर ओढला. डॉक्टरांनी दोघांनाही बजावलंय : दिवसाचे पंधरा तास नळी नाकात हवी, नाहीतर हृदयावर ताण येईल. बाबांचे अठरा होतात. आईंचे किती होतात, ही माझी काळजी.

*

लग्न होऊन वैशाली नगरच्या या घरात आले, तेव्हाची पहिलीच दुपार. मी डोळे मिटून पडले होते. भिंतीपलीकडे काहीतरी संथ श्वास घेत होतं, एक जाड आवाजात, एक बारीक. मधूनमधून पाणी बुडबुडत होतं. अर्धवट झोपेत वाटलं, मी कुठल्यातरी तळ्याकाठी आहे आणि तळंच झोपलंय.

उठून पाहिलं, तर बाबा नळी लावून घोरत होते. आईंचं मशीनही मन लावून चालू होतं, फक्त त्याची नळी खिळ्याला टांगलेली. आई अंगणात पापड वाळत घालत होत्या!

"आई, मशीन चालूच राहिलं!"

"राहू दे बेटा. बंद केलं का ह्यांची झोप मोडते. दोन आवाजाची सवय झाली त्यांले."

*

बाबांचे रिटायर्ड मित्र आले की बाबा नाकातली नळी नीट करून बसतात, टाय सावरावा तशी. मग दोन लिटर, अडीच लिटर, सॅच्युरेशन... अर्धा तास व्याख्यान!

आईंचं उलट. दाराची बेल वाजली की नळी उशीखाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर त्या तीन तास नळीशिवाय वावरल्या. ओठ हळूहळू जांभळे होत गेले. मी खुणा करत होते, त्या मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

वाण घेताना एक काकू म्हणाल्या, "लिपस्टिक मस्त हाये वो वहिनी! कोनता शेड?"

आई म्हणाल्या, "घरचाच हाये."

*

त्यानंतर मी एकदा धीर करून बाबांना म्हटलं, "बाबा, आईंनाही दम लागतो."

बाबा मनाने फार चांगले. त्यांनी पेपर खाली ठेवला. खरंच चकित झाले होते.

"तिले? ती तं कधी बसतच नाही!"

*

तपासणीला गेलो की दवाखान्यात एक फॉर्म भरून घेतात. जगणं कसं चाललंय, याचे प्रश्न असतात. बाबांचा फॉर्म लांबला. चौकापर्यंत जाता येत नाही, जिना चढवत नाही, पत्त्यांचा डाव सुटला. लिहिणारी सिस्टर दमली.

आईंचा दोन मिनिटांत झाला. सगळं ठीक.

"घरकाम करताना दम लागतो?" सिस्टरने विचारलं.

"नाही."

"अजिबात नाही?"

"लागला का थांबतो ना मी. मंग नाही लागत."

शेवटचा प्रश्न होता, दिवसातला आवडता वेळ कोणता? आईंनी पहिल्यांदाच जरा विचार केला. बाबांकडे बघितलं.

"हे झोपून राहतात तो."

*

मागच्या महिन्यात आईंचे पाय सुजले. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "नळी अशीच काढून ठेवली, तर पुढच्या वेळी भरती करावं लागेल."

मग माझ्या नवऱ्याने उपाय काढला. आईंना नळी काढावी लागते, कारण ती पलंगापुरतीच आहे. लांब नळी आणली की झालं! जवळच्या कोहक्याहून मशीनवाले भैया आले, भलंमोठं भेंडोळं घेऊन. ते म्हणाले, "किचन के दरवाजे तक आराम से जाएगी. बस, गॅस के पास नहीं."

आम्ही सगळे खूश.

"आई, आता दारात बसून भाजी चिरता येईन!" नवरा.

"कणीकही भिजवता येईन," बाबा.

"आणि मला फोडणी सांगता येईल," हे मीच म्हणाले.

आई ते भेंडोळं बघत राहिल्या. समुद्राच्या तळातलं काही वर यावं, तसं ते फरशीवर पसरलं होतं, पारदर्शक, उन्हात चमकणारं. मग त्यांनी विचारलं, "भैया, छोटी वाली नहीं है क्या?"

"अम्मा, सब लोग तो लंबी माँगते हैं!"

आईंनी बोटाने दाखवलं. पलंग, आणि पलंगाशेजारच्या खिडकीतली खुर्ची. "यहाँ से वहाँ तक. बस."

भैयांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही एकमेकांकडे. शेवटी त्यांनी आईंनी दाखवली तेवढीच नळी जोडली.

संध्याकाळी आई खिडकीत बसल्या होत्या, नळी नाकात. बाहेर कडुलिंब हलत होता आणि त्याच्या सावल्या त्यांच्या तोंडावरून येत-जात होत्या. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "आई, जरा येऊन वरण चाखता का?"

आईंनी मान वळवली. दोन बोटांनी नळी ताणून मला दाखवली.

"पुरत नाही ना बेटा!"